अमेरिकेत कोर्टाने पालकत्वाचे हक्क संपवले तर अपील कसं करायचं

तुम्ही विचारलंत की, मुलाला घेऊन अमेरिकेला निघालोय. तिथे मुलाची हेळसांड केल्याचा ठपका ठेवून कोर्टाने आईवडिलांचे हक्कच काढून घेतले, तर वरच्या कोर्टात दाद मागता येते का? येते. पण मुदत तोकडी असते आणि राज्याराज्यांत वेगळी. आयोवात १५ दिवस, टेक्ससमध्ये २०, पेन्सिल्व्हेनियात ३०, कॅलिफोर्नियात ६०. टेक्ससमध्ये नव्याने खटला चालवण्याचा अर्ज दिला तरी हे २० दिवस वाढत नाहीत. आयोवात अपिलाच्या नोटिशीवर वकिलाबरोबर पालकाचीही सही लागते, त्यामुळे त्या दिवसांत वकिलाला फोनवर सापडत राहा.

कॅलिफोर्नियात आणखी एक खाचखळगा आहे. हक्क संपवण्याची सुनावणी लावणाऱ्या आदेशालाच आधी रिटने आव्हान द्यावं लागतं, आणि तुम्ही कोर्टात हजर असाल तर तशी नोटीस ७ दिवसांत द्यायची असते. तेव्हा गप्प बसलात, तर त्या आदेशातल्या चुका पुढच्या अपिलात सहसा काढता येत नाहीत.

खरी लढाई मात्र खालच्याच कोर्टात असते, हे मनावर घ्या. अपील कोर्ट नवा पुरावा घेत नाही. ते फक्त रेकॉर्ड वाचतं. पॅरेंटिंग क्लास पूर्ण केलात, पण सर्टिफिकेट पुराव्यात दाखल झालं नाही, तर अपील कोर्टाच्या लेखी तो क्लास झालेलाच नसतो. दुभाषी चुकीचं सांगत असेल तर तिथल्या तिथे वकिलाकरवी हरकत नोंदवा. केसवर्करशी, म्हणजे तुमचं प्रकरण पाहणाऱ्या बालकल्याण खात्याच्या कर्मचाऱ्याशी, झालेलं बोलणं त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवा, म्हणजे तारखेसकट पुरावा राहतो.

अपिलात टिकणारे मुद्दे साधारण ठरलेले: नोटीस नीट बजावली नाही, केस प्लॅनमधल्या (मूल परत मिळावं म्हणून आखलेल्या योजनेतल्या) सेवा बालकल्याण खात्याने दिल्याच नाहीत, किंवा पुरावा पुरेसा नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या १९८२च्या सँटोस्की खटल्यापासून हक्क संपवायला 'स्पष्ट आणि खात्रीलायक' पुरावा लागतो. 'न्यायाधीशांनी आमचं ऐकलं नाही' एवढ्यावर अपील उभं राहत नाही.

वेळही तुमच्या विरोधात धावते. १९९७च्या संघराज्य कायद्यानुसार मूल २२ पैकी १५ महिने फॉस्टर केअरमध्ये (सरकारी देखरेखीखाली घराबाहेर) राहिलं, की राज्याला हक्क संपवण्याचा अर्ज करावाच लागतो. मूल नातेवाइकाकडे असेल तर सूट मिळू शकते, म्हणून तिथे कोणी जवळचं असेल तर पहिल्याच सुनावणीत नाव सुचवा.

ऐपत नसेल तर बहुतेक राज्यांत सरकारी खर्चाने वकील मिळतो. पहिल्या तारखेलाच मागा. ट्रान्स्क्रिप्टचे (सुनावणीच्या शब्दशः नोंदीचे) पैसे नाहीत म्हणून अपील अडवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९६मध्येच ठरवलंय.

आणि अपिलाची नोटीस दिली म्हणजे सगळं थांबलं असं समजू नका. भेटीगाठी बंद होऊ शकतात, दत्तकाची तयारीही सुरू राहते. त्यासाठी स्थगितीचा अर्ज वेगळा, नोटिशीबरोबरच द्या.