पोकेमॉन या व्हिडिओ गेममधला, पाठीवर मश्रूम वाहणारा पॅरासेक्ट नावाचा किडा जिवंत असतो की बुरशी चालवत असलेलं मढं? असं निसर्गात खरंच घडतं का? आणि गेममध्ये तो इतका दुबळा का?

प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर गेम बनवणाऱ्यांनीच देऊन ठेवलंय, फक्त ते द्यायला त्यांनी एकवीस वर्षं घेतली. १९९६ साली जपानमध्ये रेड आणि ग्रीन हे पहिले गेम आले. पुढे इंग्रजी रेड-ब्लूमध्ये पोकेडेक्समधली, म्हणजे गेममधल्या माहितीकोशातली नोंद एवढंच सांगायची, की परजीवी मश्रूमने यजमान किड्याचा ताबा घेतलाय आणि याला दमट जागा आवडते. ताबा घेतलाय म्हणजे नक्की काय, यावर मुलं भांडत बसायची. मग २०१७ च्या अल्ट्रा सन या गेममधल्या नोंदीने निकाल लावून टाकला: किडा बराचसा मेलेला आहे, पाठीवरचा मश्रूम हेच आता मुख्य शरीर आहे आणि तो मश्रूम निघाला तर किडा हलायचा थांबतो. म्हणजे अगदीच मढं नाही, थोडी धुगधुगी आहे, पण घरमालक आता तो राहिलेला नाही.

चित्र काढणाऱ्याने मात्र हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. पॅरासेक्टचं आधीचं, लहान रूप म्हणजे पॅरास. त्याच्या डोळ्यांत बुबुळं आहेत, पाठीवर दोन छोटे मश्रूम आहेत. चोविसाव्या लेव्हलला त्याचा पॅरासेक्ट होतो, तेव्हा त्या दोन मश्रूमच्या जागी अख्खी पाठ झाकणारी एकच मोठी छत्री येते आणि डोळे पांढरेफटक होतात. बाकीचे पोकेमॉन इव्हॉल्व्ह झाले, म्हणजे पुढच्या रूपात गेले, की आपण खूश होतो. इथे मोठं होतं ते किड्याला खाणारं. आणि ते आपणच लढाया जिंकून, खाऊपिऊ घालून करून घेतो, ही मला अजूनही या गेममधली सगळ्यात काळीकुट्ट कल्पना वाटते.

आता दुसरा भाग. निसर्गात असं घडतं का, हे ठरवण्याआधी हा किडा कोण ते पाहायला हवं. नांग्या बघून बरेच जण खेकडा म्हणतात. मला ते पटत नाही. गेमची नोंद सांगते की पॅरास जमिनीत बिळं करून झाडांच्या मुळांतला रस शोषतो. हे वर्णन सिकाडाच्या पिल्लाचं आहे, तंतोतंत. मे महिन्यात सह्याद्रीतल्या झाडांवर कान किटवणारा जो किडा असतो तोच सिकाडा. आपल्याला तो बाहेर आल्यावर ऐकू येतो, पण त्याचं बहुतेक आयुष्य मातीत मुळांना चिकटून रस पिण्यात जातं. त्या पिल्लाचे पुढचे पाय माती उकरण्यासाठी जाडजूड, नांगीसारखेच असतात. जपानमध्ये उन्हाळा म्हणजे सिकाडा, आणि पोकेमॉनची कल्पना ज्यांची, ते सातोशी ताजिरी लहानपणी तोक्योजवळच्या माचिदा भागात किडे गोळा करत हिंडायचे. तिथल्या जंगलात जमिनीतल्या सिकाडाच्या पिल्लावरच उगवणारी ‘सेमिताके’ नावाची बुरशीही आहे. पिल्लू मातीत मेलेलं असतं आणि त्याच्या डोक्याकडून एक कोंब वर येतो. पॅरासचा पूर्वज शोधायला एवढं पुरेसं आहे.

पाठीवरच्या मश्रूमचं नाव मात्र गेममध्ये थेट दिलंय, तोचुकासो. जपानीत किड्यांवर उगवणाऱ्या या सगळ्याच बुरश्यांना सैलपणे तसं म्हणतात, पण मूळ प्रसिद्ध बुरशी हिमालय-तिबेटची. उत्तराखंडमध्ये तिला कीडाजडी म्हणतात, नेपाळात यार्सागुंबा. पिथौरागड आणि चमोलीच्या वरच्या भागातली गावंच्या गावं मे-जूनमध्ये बर्फ वितळलं की बुग्यालांवर, म्हणजे तिथल्या उंच गवताळ कुरणांवर, तंबू टाकून ती वेचतात. जमिनीतल्या एका पतंगाच्या अळीला ही बुरशी लागते, आतून भरून टाकते, अळी पृष्ठभागाजवळ डोकं वर करून मरते आणि त्या डोक्यातून काळपट काडी उगवते. किलोला लाखांत भाव जातो. वेचणी इतकी झाली की २०२० साली ती धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत गेली. रुबी-सॅफायर या पुढच्या गेममधली नोंद म्हणते की पॅरासचे मश्रूम आयुष्य वाढवणारं औषध म्हणून मोलाचे मानतात. ही गेमवाल्यांची कल्पनाशक्ती नव्हे, चिनी औषधांच्या दुकानातली समजूत आहे. १९९३ मध्ये चीनच्या धावपटू मुलींनी विश्वविक्रम मोडले तेव्हा त्यांच्या प्रशिक्षकाने श्रेय याच बुरशीला आणि कासवाच्या रक्ताला दिलं होतं. (पुढे २००० च्या ऑलिंपिकच्या तोंडावर त्याच्या अनेक खेळाडू उत्तेजकांच्या संशयावरून संघाबाहेर गेल्या, म्हणजे बुरशीला फुकटचं श्रेय मिळालं असावं.)

पण कीडाजडीची अळी चालत नाही, आणि तुमचा प्रश्न चालण्याचा आहे. त्यासाठी तिच्याच कुळातल्या दुसऱ्या बुरशीकडे जावं लागतं, जी मुंग्यांना धरते. ‘झोंबी मुंगी’चे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. लागण झालेली मुंगी आपली वाट सोडते, झुडपावर थोडी वर चढते, पानाच्या खालच्या शिरेला कडकडून चावते आणि तशीच मरते. जबडा सुटत नाही. मग मानेमागून कोंब येतो आणि बीजाणू खालच्या वाटेवर गळतात, जिथून बाकीच्या मुंग्या जातात. व्हिडिओत हमखास सांगतात की बुरशी ‘मेंदूचा ताबा’ घेते. २०१७ साली अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या गटाने अशा मुंग्यांचे बारीक काप घेऊन संगणकावर त्रिमितीय चित्र उभं केलं, तेव्हा उलटंच दिसलं. बुरशीच्या पेशी डोकं, छाती, पोट सगळीकडे पसरलेल्या, स्नायूंच्या धाग्यांभोवती एकमेकींना जोडून जाळं विणलेलं, आणि मेंदूत मात्र एकही शिरलेली नाही. मेंदूवर ती बाहेरून रसायनं सोडून परिणाम करत असावी, पण हातपाय तिने स्वतःकडे घेतलेत. कळसूत्री बाहुलीच, फक्त दोऱ्या आतून. अल्ट्रा सनची ती नोंदही त्याच वर्षीची. मश्रूम काढला की किडा थांबतो हे वाक्य मुंगीच्या त्या कापांशी इतकं जुळतं की मी दोन्ही पुन्हा वाचून पाहिलं.

तरी पॅरासेक्टचा सख्खा भाऊ मुंगी नाहीच. मुंगीला लवकर मरावं लागतं, पॅरासेक्ट तर वर्षानुवर्षं हिंडतो. अमेरिकेत तेरा किंवा सतरा वर्षांनी जमिनीतून निघणारे सिकाडा आहेत, त्यांना मॅसोस्पोरा नावाची बुरशी लागते. पिल्लू वर येताना मातीतच लागण होते. मोठा झाल्यावर त्याच्या पोटाचा मागचा भाग गळून पडतो आणि तिथे खडूसारखा पांढरा बीजाणूंचा गोळा उघडा पडतो. आणि सिकाडा? तो उडत राहतो. जोडीदार शोधत राहतो. लागण झालेले काही नर तर मादीसारखी पंखांची टिचकी वाजवून इतर नरांना जवळ बोलावतात, आणि आलेल्यालाही बुरशी देतात. २०१९ मध्ये या बुरशीत कॅथिनोन सापडलं, माणसांत नशेसाठी वापरलं जाणारं उत्तेजक. शरीराचा तिसरा हिस्सा गेल्यावरही किडा फिरता ठेवण्यामागे ते असावं असा अंदाज आहे. किडा सिकाडाच, यजमान चालता ठेवलेला, मागच्या बाजूला बुरशीचा गड्डा: १९९६ साली या बुरशीतल्या कॅथिनोनचा पत्ता नसताना गेमवाल्यांनी याच्या किती जवळ बाण मारला बघा.

चुकले कुठे, तर प्रमाणात. खरी बुरशी यजमानाला तेवढाच जगवते जेवढा तिला बीजाणू पसरायला हवा. पॅरासेक्ट मात्र तोच किडा घेऊन संसार करतो. झुंडीने एका झाडाला लागतात, झाड मेलं की सगळे मिळून दुसऱ्याकडे जातात. एवढा धीर धरणारी किडेखाऊ बुरशी माझ्या माहितीत नाही. दमट जागेचं मात्र शंभर टक्के खरं. आमच्याकडच्या ऊसवाल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. हुमणीसाठी शेणखतात मिसळून मेटारायझियम टाकतात ना, ती याच धंद्यातली बुरशी. पाऊस पडून माती ओली असेल तर ती हुमणीच्या अंगातून आत शिरते, अळी कडक होते आणि वर हिरवी भुकटी धरते. कोरड्या मातीत पोतं रिकामं केलंत तरी हुमणी मुळं कुरतडत मजेत. ती पॅरासेक्टसारखी उठून चालत नाही, एवढाच काय तो दिलासा.

गेममध्ये पॅरासेक्ट दुबळा का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. किडा आणि गवत असे दोन्ही प्रकार एकत्र आल्यामुळे आग आणि उडणाऱ्यांचे हल्ले त्याला चौपट लागतात, पहिल्या पिढीत, म्हणजे सुरुवातीच्या गेममध्ये, विषही चौपट लागायचं. चौथ्या पिढीत त्याला मिळालेल्या ड्राय स्किन या खास गुणामुळे पाण्याने तब्येत सुधारते, पण आग आणखी सव्वापट, म्हणजे एकूण पाचपट. वेगाचा मूळ आकडा अवघा ३०. बुरशीचं ओझं घेऊन पळणार तरी किती! त्याच्याकडे एकच हुकमी पान आहे, स्पोर. शंभर टक्के नेम, समोरचा झोपलाच. पहिल्या पिढीत ही चाल पॅरास आणि पॅरासेक्ट सोडून दुसऱ्या कोणाकडेच नव्हती.

तेव्हा जुना रेड-ब्लू खेळत असाल तर माउंट मूनमध्ये पॅरास पकडा आणि चोविसाव्या लेव्हलपासून दर वेळी बी दाबून त्याचं इव्हॉल्व्ह होणं रोखा. पॅरास स्पोर सत्ताविसाव्या लेव्हलला शिकतो, पॅरासेक्ट तिसाव्याला. पुढे इव्हॉल्व्ह होऊ द्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा; मी होऊ देतो, कारण तसाच ठेवलेला पॅरास एलिट फोरसमोर, म्हणजे शेवटच्या चार तगड्या प्रतिस्पर्ध्यांसमोर, दोन फटकेही झेलत नाही.