आरपीजी गेम सोपे करत गेले तर त्यांत शेवटी उरतं काय?

जास्त लोकांनी खेळावं म्हणून आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आपण एक पात्र घेऊन त्याचे निर्णय घेत खेळायचे गेम) सोपे करत नेले तर त्यांचा जीवच जातो का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: आकडेमोड कमी केली तर फारसं बिघडत नाही, निर्णय कमी केले तर बिघडतं. पण सोपं करायला बसलं की सुक्याबरोबर ओलंही जळतं.

मास इफेक्ट घ्या. पहिल्या भागात (2007) जेमतेम फरकाच्या बंदुका आणि चिलखतांचा ढीग साठायचा, आणि तो उपसण्यातच वेळ जायचा. दुसऱ्या भागात (2010) ती इन्व्हेंटरी जवळजवळ काढूनच टाकली. जुने खेळाडू खवळले, मीही नाक मुरडलं. पण शेवटच्या मोहिमेत कोणत्या साथीदाराला कोणतं काम द्यायचं हे तुम्हीच ठरवता आणि निवड चुकली तर कुणीतरी कायमचं मरतं. माझ्या पहिल्या फेरीत दोघं गेले. बंदुकांची यादी मला एकदाही आठवली नाही.

उलट उदाहरण फॉलआउट 4 (2015). संवादाला कायम चारच पर्याय, तेही दोन-तीन शब्दांत. ‘उपरोधाने’ असं लिहिलेलं बटण दाबायचं आणि आपलं पात्र नक्की काय बोलणार ते कानांनी ऐकायचं. पूर्ण वाक्य दाखवणारा मॉड (गेममध्ये बदल करणारी जोड) चाहत्यांनी बनवला, यातच सगळं आलं. इथे गणित सोपं झालं नाही, बोलणं आपल्या हातातून गेलं.

एल्डर स्क्रोल्स या मालिकेबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण हा वाद सगळ्यात जास्त तिथेच पेटतो. कौशल्यं मॉरोविंडमध्ये (2002) 27, ऑब्लिव्हियनमध्ये (2006) 21, स्कायरिममध्ये (2011) 18. लोक हेच आकडे तोंडावर फेकतात. मला त्यांचं काही वाटत नाही. मॉरोविंडमध्ये तलवार डोळ्यांदेखत खेकड्याच्या अंगातून जायची आणि तरी वार ‘चुकायचा’, कारण आत कुठेतरी फासा उलटा पडलेला असायचा. ते गेलं ते बरंच झालं.

खरं नुकसान क्वेस्ट मार्करने (कामाची जागा दाखवणाऱ्या खुणेने) केलं, आणि तेही सरळ नाही. मॉरोविंडमध्ये माणसं रस्ता सांगायची: पूल ओलांडा, नदीच्या कडेने जा, अमुक खडकापाशी वळा. कधीकधी चुकीचा सांगायची! मी एकदा एका गुहेच्या शोधात दोन संध्याकाळी भटकलो आणि वाटेत भलतंच काहीतरी सापडलं. होकायंत्रावर बाण आला तेव्हा लेखकांनी रस्ता सांगणंच सोडून दिलं. ‘नको असेल तर मार्कर बंद करा’ हा सल्ला म्हणून पोकळ आहे. स्कायरिममध्ये तो बंद केला तर कितीतरी कामांत कुठे जायचं हे कुणीच सांगत नाही. सोय म्हणून आलेली गोष्ट आता टेकू झाली आहे, काढली की छप्पर खाली.

आता ‘जास्त लोक’ या मुद्द्याकडे. अमेरिकेतल्या नवख्यांसाठी 1992 मध्ये फायनल फँटसी मालिकेतला मिस्टिक क्वेस्ट मुद्दाम बाळबोध करून काढला: सोबत एका वेळी एकच साथीदार, लढाई हरलात तर तीच लगेच पुन्हा. तिथे या मालिकेची खरी लाट आली ती 1997 च्या सातव्या भागाने, आणि त्यातली मटेरियाची (मंत्र आणि शक्ती देणाऱ्या गोळ्यांची) जुळवाजुळव अजिबात बाळबोध नव्हती. लोकांना ओढलं ते गोष्टीने आणि देखाव्याने. रोग रेड्याला, औषध पखालीला, दुसरं काय!

बाल्डर्स गेट 3 (2023) हेच पुन्हा दाखवतो. 1998 च्या पहिल्या भागात चिलखताचा आकडा जितका कमी तितकं चिलखत चांगलं, हे आधी पुस्तिकेतून समजून घ्यावं लागे. आता वार लागण्याची शक्यता टक्क्यांत समोर दिसते, संवादातला फासा पडद्यावर गडगडतो. लढाई आळीपाळीची, मंत्रांची यादी भलीमोठी, आणि तुमचं वागणं पटलं नाही तर साथीदार सोडून जातो. तरी त्याने द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा मान मिळवला, आणि एरवी आरपीजीच्या वाटेला न जाणारे माझे दोन मित्र त्यात महिनाभर अडकले होते. त्यातला एक अजूनही फासा वाईट पडला की गेम पुन्हा लोड करतो. त्याला मी काही बोलत नाही.