शेतातल्या कच्च्या रस्त्यासाठी मजबूत बाबागाडी कोणती घ्यावी?

काटोलजवळ शेतात घर, पांदण रस्ता आणि बाळ सात महिन्यांचं, असं तुम्ही लिहिलंय. मग मॉलमध्ये फिरवायची छोट्या दुहेरी चाकांची गाडी घेऊच नका. ढेकळात पुढचं चाक आडवं होऊन अडकतं. मोठ्या चाकांची, सस्पेन्शन असलेली आणि पुढचं चाक सरळ लॉक होणारी गाडी बघा. हवेचे टायर धक्के छान झेलतात, पण आपल्याकडे धुऱ्यावर बाभळीचे काटे. सारखं पंक्चर कोण काढणार? त्यापेक्षा भरीव फोमचे टायर बरे.

दुकानात चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये बोटं घालून पाहा. दोन बोटंही जात नसतील तर पावसाळ्यात काळी माती तिथे थापून बसेल आणि चाक फिरणारच नाही. तसंही भर पावसात पांदणीत कोणतीच गाडी चालत नाही, तेव्हा बाळ कडेवरच.

खांद्यांवरून येणारा पाच टोकांचा पट्टा हवाच. मे महिन्यात नागपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून छत मोठं आणि पाठीला जाळी असलेली घ्या. ऊन लागतं म्हणून गाडी दुपट्ट्याने झाकू मात्र नका. आत हवा कोंडते आणि बाळ तापतं.