आधी ते बी.ए. खोड

प्रश्न: ताई, मी नाशिकला सिडकोत राहते, वय ४५. आमच्या १९९६ च्या दहावीच्या बॅचचं गेट टुगेदर त्र्यंबक रोडला एका रिसॉर्टवर झालं. सकाळी मिसळ पार्टी, मग एकेकाने माइक घेऊन आपापलं सांगितलं. एक कॅनडात, एक ओझरला एचएएलमध्ये, एकीचं गंगापूर रोडला क्लिनिक, एक ज्युनियर कॉलेजला इंग्रजी शिकवते, एक द्राक्ष एक्सपोर्ट करतो. मी नाव सांगून खाली बसले. मिस्टर अंबडला कंपनीत, वन बीएचके, मुलगी कॉलेजला, सांगणार काय? आता बॅचची माहिती पुस्तिका छापतायत, त्यात मी शिक्षण बी.ए. लिहून टाकलं, अकरावीनंतर आई आजारी पडली नि सुटलंच ते, पण तेवढं चालतं. तेव्हापासून झोप नाही, व्हॉट्सॲप उघडलं की रडू येतं. ग्रुप सोडू का?

उत्तर: अगं, चालत असतं तर झोप लागली असती ना!

पत्रभर तू दुसऱ्यांच्या नोकऱ्या नि क्लिनिकं सांगितलीस, आणि स्वतःबद्दलचं खरं एका ओळीत उरकलंस. त्या ओळीवरच मी अडकले. बघ, अंबडची कंपनी, वन बीएचके, सगळं सरळ लिहिलंस, त्यात काही फुगवलं नाहीस. खोटं लिहिलंस ते फक्त शिक्षणाच्या रकान्यात. म्हणजे तुला बंगला नकोय, कॅनडा तर नकोच नको, तुला कॉलेज हवं होतं आणि ते अजून हवंय. मग कॅनडावाल्याबद्दल मी कशाला बोलू?

आई अंथरुणाला खिळली, सतरा वर्षांच्या पोरीने घर ओढलं, आणि नंतर इतक्या वर्षांत घरातल्या एकानेही विचारलं नाही की बाई गं, तुझी बारावी राहिली होती ना. याचा मला फार राग येतो. पण त्यांनी विचारलं नाही म्हणून तूही स्वतःला विचारायचं नाहीस, हे मला पटत नाही.

आणि त्या दोन अक्षरांनी तुझं नुकसान काय केलंय ते बघ. ज्युनियर कॉलेजला इंग्रजी शिकवणारी मैत्रीण तुझ्याच बॅचला आहे, बारावीला तुला भीती वाटणार ती इंग्रजीचीच, आणि तिलाच आता विचारता येणार नाही, कारण तिच्या लेखी तू ग्रॅज्युएट. पुस्तिका छापली की तर अभ्याससुद्धा चोरून करावा लागेल. म्हणून ग्रुप सोडायचा नाही. आज तिला फोन लाव, मेसेज नको, फोनच, आणि सांग की मी ते चुकीचं लिहिलंय, छापायच्या आत खोडायला सांग, माझी अकरावी झालीय, मला १७ नंबरचा फॉर्म भरायचाय, मदत कर. ती हसेल असं तुला वाटतंय. अगं, ज्युनियर कॉलेजमध्ये नोकरी करते ती, १७ नंबरवाले तिने बघितलेले असणार!

१७ नंबर म्हणजे बाहेरून बारावी. बोर्डाच्या वेबसाइटवर फॉर्म साधारण पावसाळ्यात सुटतात, एक ज्युनियर कॉलेज संपर्क केंद्र म्हणून मिळतं, परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यांबरोबरच. पास व्हायला ३५ लागतात आणि तुझ्या वयाला कोणी अडवत नाही. यंदाची मुदत नि फी मैत्रिणीकडून नीट विचारून घे, एजंटला पैसे देऊ नकोस.

आणि पुढचं बी.ए. तर तुझ्या गावातच आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं, तू तेव्हा चौथीत असशील, गंगापूर धरणाकडे जाताना गोवर्धनला त्यांचं मुख्यालय आहे. अख्ख्या महाराष्ट्रातल्या नोकरीवाल्या, संसारी बायका तिथून पदवी घेतात आणि तू नाशिकची असून ती न घेताच लिहून मोकळी झालीस, याचं मला जास्त वाईट वाटलं.

मिस्टरांची परवानगी वगैरे मागत बसू नकोस, फॉर्म भरून झाला की सांग. मुलीला मात्र आधी सांग, ऑनलाइन फॉर्म भरायला तीच बसेल तुझ्याशेजारी.

आज रात्री फोन झाला की दहावीची मार्कशीट आणि कॉलेजचा दाखला शोधायला घे. मार्कशीट सापडली नाही तर नाशिक विभागीय बोर्डाकडे डुप्लिकेटसाठी अर्ज करता येतो, त्या कारणाने थांबू नकोस.