इंटरनेट पुरवठादारांच्या वेगाची माहिती शोधणाऱ्या साधनाची माहितीपुस्तिका कशी लिहावी?

इंटरनेटचा वेग मोजणाऱ्या मेजरमेंट लॅब या प्रकल्पाच्या खुल्या माहितीसाठ्यातून गोव्यातील पुरवठादारांचा वेग काढून देणाऱ्या आपल्या साधनाच्या माहितीपुस्तिकेची सुरुवात कशाने करावी, असे आपण विचारले आहे. साधनाला द्यायच्या आज्ञांच्या यादीआधी, मिळणारा आकडा नेमके काय मोजतो हे लिहावे, असे माझे ठाम मत आहे. मेजरमेंट लॅबची एनडीटी७ ही वेगचाचणी एकाच टीसीपी जोडणीवरून (दोन संगणकांमधल्या माहिती वाहून नेणाऱ्या एकाच दुव्यावरून) वेग मोजते, त्यामुळे अनेक जोडण्या एकदम उघडणाऱ्या चाचण्यांपेक्षा तिचा आकडा कमी येऊ शकतो. हे सांगितले नाही, तर वाचक विनाकारण पुरवठादाराला दोष देईल. चाचणीचे ठिकाण आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीला मिळालेल्या क्रमांकावरून) अनुमानाने ठरते, म्हणून सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावातली चाचणी पणजीच्या नावावर दिसू शकते, आणि आपल्याकडच्या वाचकाला तर तालुक्यांची तुलनाच आधी हवी असते. वेळेच्या नोंदी यूटीसीनुसार, म्हणजे भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेनुसार असतात. रात्री ९ वाजताची गर्दी तपासायची असेल, तर १५:३० ची नोंद पाहावी लागते. पुरवठादाराची ओळख एएस क्रमांकावरून (इंटरनेटवरील स्वतंत्र जाळ्याला दिलेल्या क्रमांकावरून) पटते, मात्र एका कंपनीकडे असे अनेक क्रमांक असू शकतात. उदाहरणांत सरासरीऐवजी मध्यक (क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला आकडा) वापरावा आणि त्याच्या शेजारी चाचण्यांची संख्या अवश्य द्यावी.