रशियानेच सोडवलं ना तुम्हाला?

प्रश्न: ताई, मी कोल्हापूरची. महावीर गार्डनमधला पोलिश लोकांचा स्तंभ लहानपणापासून बघतेय. आता कामानिमित्त वॉर्सातल्या टीमशी रोज कॉल असतो. परवा गप्पांत सहज म्हटलं, हिटलरपासून तुम्हाला रशियानेच सोडवलं ना, तर सगळे एकदम गप्प! माझं काय चुकलं?

उत्तर: अगं, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंस. तुझी गोष्ट १९४५ पासून सुरू होते, त्यांची १७ सप्टेंबर १९३९ पासून. हिटलर १ तारखेला पश्चिमेकडून घुसला आणि १७ ला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून, वाटणी दोघांनी आधीच ठरवलेली. युद्धाच्या काळात तुमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या निर्वासित कॅम्पात जे पाचेक हजार पोलिश राहिले, बहुतेक बायका-मुलं, त्यांना सोव्हिएतांनीच घरांतून उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं.

आणि कातिन, रशियातलं एक जंगल. १९४० च्या वसंतात स्टालिनच्या हुकमाने सुमारे २२ हजार पोलिश अधिकारी, पोलीस, शिकलीसवरलेली माणसं गोळ्या घालून मारली. १९४३ मध्ये जर्मनांना तिथली थडगी सापडली तेव्हा मॉस्को म्हणालं, हे जर्मनांनीच १९४१ मध्ये केलंय. म्हणजे सगळं भांडण एका आकड्यावर, कारण १९४० मध्ये जर्मन तिथे पोचलेच नव्हते! १९८१ मध्ये वॉर्साच्या पोवाझ्की स्मशानभूमीत लोकांनी ‘कातिन १९४०’ लिहिलेला क्रॉस उभारला तर तो रातोरात उचलून नेला, तोही पोलंडच्याच, पण तेव्हा मॉस्कोच्या मुठीत असलेल्या कम्युनिस्ट सरकारच्या पोलिसांनी. मॉस्कोने कबुली दिली थेट १९९० मध्ये. मला विचारशील तर मारल्यापेक्षा ही पन्नास वर्षांची थाप जास्त सलते त्यांना.

रशियन माणसाचंही ऐकायला हवं हं. पोलंडच्या भूमीवर लाल सेनेचे सहा लाखांच्या आसपास सैनिक मेले, कुणाचा तरी आजा त्यात असतोच, मग तिथली लाल सेनेची स्मारकं पाडली की त्याला पोलिश लोक कृतघ्न वाटतात. आणि गंमत बघ, रशियात ४ नोव्हेंबरला सुट्टी असते ती १६१२ मध्ये पोलिशांना मॉस्कोतून हाकललं म्हणून!

तू आता सॉरी-बिरी म्हणत बसू नकोस. गार्डनमधल्या स्तंभाचा फोटो काढ आणि ग्रुपवर टाक. वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं एक स्मारक आहे, ते कुणी पाहिलंय का विचार.