संदेश पाठवतानाच बोर्ड रिसेट का होतो?

प्रश्न : देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे. बागेतील तापमान व आर्द्रता मोजून मोबाइलवर एसएमएस पाठवणारी जोडणी मी एका इव्हॅल्युएशन बोर्डावर (प्रयोगासाठीच्या तयार प्रोसेसर-बोर्डावर) केली आहे. लॅपटॉपच्या यूएसबीवर नुसता बोर्ड व्यवस्थित चालतो. पडवीत 12 व्होल्टच्या अॅडॅप्टरवर लावून जीएसएम मॉड्यूलला (मोबाइल नेटवर्कवरून संदेश पाठवणाऱ्या भागाला) बोर्डावरच्याच 5 व्होल्टच्या पिनमधून वीज दिली, की संदेश पाठवताना बोर्ड रिसेट होतो, म्हणजे बंद पडून पुन्हा सुरू होतो. दिवा मात्र पेटलेला असतो आणि मल्टिमीटर 5 व्होल्ट दाखवतो. बोर्ड बिघडला असेल का? (एक वाचक, देवगड)

उत्तर : यूएसबीवर बोर्ड नीट चालतो, त्याअर्थी तो बिघडलेला असण्याची शक्यता कमी आहे, संशय घ्यायचा तो वीजपुरवठ्याचा. पेटलेला दिवा येथे पुरावा ठरत नाही, कारण साध्या एलईडीला दोनेक व्होल्ट पुरतात आणि पुरवठा साडेतीन व्होल्टपर्यंत घसरला तरी ती पेटलेलीच राहते. मल्टिमीटरचेही तसेच आहे. जीएसएम मॉड्यूल संदेश पाठवताना दर 4.6 मिलिसेकंदांनी सुमारे 0.58 मिलिसेकंदापुरता 2 अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते, आणि इतक्या अल्प काळाची घसरण सरासरी दाखवणाऱ्या मीटरला दिसतच नाही. प्रोसेसरला मात्र ती जाणवते व त्याचे ब्राउन-आउट संरक्षण (व्होल्टेज फार घसरल्यास काम थांबवणारी सोय) त्याला रिसेट करते. जवळच्या तंत्रनिकेतनात ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारे उपकरण) मिळाला, तर 5 व्होल्टच्या पिनवर ही क्षणिक घसरण खाचेसारखी स्पष्ट पाहता येईल.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. अशा अनेक बोर्डांवरचा, 12 व्होल्टचे 5 व्होल्ट करणारा रेग्युलेटर लिनिअर प्रकारचा असतो आणि उरलेले 7 व्होल्ट तो उष्णतेच्या रूपाने जाळतो. प्रवाह सरासरी 0.3 अँपिअर धरला तरी 2.1 वॉट होतात. उष्णता बाहेर टाकणारी पट्टी (हीट सिंक) नसलेल्या एवढ्याशा चिपला ते झेपत नाहीत, आणि बंद डब्यात तर ती तापून स्वतःच पुरवठा तोडते. म्हणून मॉड्यूलसाठी किमान 2 अँपिअरचा स्वतंत्र बक कन्व्हर्टर (फारशी उष्णता न करता व्होल्टेज उतरवणारा) अॅडॅप्टरवरून घ्यावा, त्याचे व बोर्डाचे ग्राउंड (ऋण टोक) एकत्र जोडावे आणि 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मॉड्यूलच्या अगदी पिनांजवळ लावावा. अॅडॅप्टरही तेवढा भार पेलणारा हवा. जोडण्यापूर्वी मॉड्यूलची माहितीपत्रिका जरूर पाहावी, कारण काही मॉड्यूलना 3.4 ते 4.4 व्होल्टच चालतात आणि थेट 5 व्होल्ट दिल्यास ती जळतात.

आपल्या किनारपट्टीवर आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी, आणि माझ्या मते ती सर्वात जास्त दुर्लक्षिली जाते. खाऱ्या हवेतील मीठ अॅडॅप्टरच्या पिनवर व जॅकमध्ये बसते, ओल धरते आणि संपर्काचा रोध वाढवते. तांब्यावर हिरवट थर दिसू लागण्याआधीच त्रास सुरू झालेला असतो. हे ओळखण्यासाठी मॉड्यूल चालू असताना मीटरचे एक टोक अॅडॅप्टरच्या पिनच्या धातूला आणि दुसरे बोर्डावरच्या जॅकच्या पायाला लावावे. काही दशक मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर संपर्क खराब आहे असे समजावे. पुरवठा बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ ब्रशने तो साफ करून पूर्ण वाळू द्यावा. पॉलिशपेपर मात्र लावू नये. त्याने वरचा मुलामा निघून जातो आणि गंज अधिक वेगाने चढतो. सर्व चाचण्या झाल्यावर कनेक्टर झाकून बोर्डावर संरक्षक लेप द्यावा, आणि वायर डब्यात खालून घालून तिला बाहेर थोडा झोळ ठेवावा, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून आत न शिरता तेथेच ठिबकून जाईल.

अॅडॅप्टर स्वतः उघडून पाहू नये. आत 230 व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार उरतो. तसेच प्रोग्रॅम भरण्यासाठी लॅपटॉप जोडताना अॅडॅप्टर काढून ठेवावा किंवा पुरवठा निवडणारा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) आपल्या बोर्डावर कोठे आहे ते पाहून तो योग्य बाजूला लावावा, कारण काही बोर्डांवर दोन्ही पुरवठे एकदम जोडल्यास वीज उलटी लॅपटॉपच्या यूएसबीत शिरते.